चार पाटांची बाग

वाईहून पिंपरीला जाणे म्हणजे काही प्रवास नव्हे, हे मला ठाऊक आहे. आमच्याच शाळेतले एक शिक्षक रामेश्वरापर्यंत जाऊन आले आणि त्यांनी त्यावर एक ओळही लिहिली नाही. मी मात्र पुण्यापलीकडे चार दिवस राहून आलो आणि कागद घेऊन बसलो. परंतु ज्या वाचकांनी पिंपरी पाहिलेली नाही, त्यांना तेथे एक बाग आहे, ती थोडक्यात वाचली, आणि ती नसती तर त्याचे कारण मी ठरलो असतो, एवढे तरी सांगणे मला कर्तव्य वाटते.

मी भूमितीचा आणि चित्रकलेचा शिक्षक आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला बागा आखण्याचा छंद लागला. छंद म्हणण्याइतकी कामे हातून झालेली नाहीत: शाळेच्या आवारात एक अष्टकोनी हौद, एवढीच माझी कीर्ती. परंतु ती कीर्ती माझा जुना विद्यार्थी श्रीधर याच्या कानावर गेली. तो पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात इंजिनिअर आहे. कामगारांच्या वसाहतीत मुलांसाठी पाण्याची बाग करायची आहे, तुम्ही आराखडा द्यावा, असे त्याने मला पत्राने कळवले. मी जागा न पाहता, वाईत बसून, कंपासपेटी उघडून आराखडा केला आणि टपालाने पाठवला. मध्ये गोल तळे, तळ्यात कारंजे, आणि तळ्यापासून काटकोनांत निघणारे चार सारख्या लांबीचे पाट. एका टोकाला कागदी होड्यांचे डबके, दुसऱ्या टोकाला बेटावरचा झोपाळा, तिसऱ्याला लहानसा धबधबा, चौथ्याला पाण्याने फिरणारे लाकडी चक्र. माघात बाग उघडणार होती. श्रीधरने मला तीन दिवस आधी बोलावले.

गुरुवार, पिंपरी

आमच्या वाईत माणसे पाण्याकडे जातात. कृष्णा आपल्या जागी असते. आपण घाटाच्या पायऱ्या उतरायच्या. पिंपरीत सर्वच गोष्टी माणसांकडे येतात. कारखाना आला, त्यामागून वसाहत आली, सिंधमधून निर्वासित आले, आणि त्यांच्यामागून दाल-पकवान आले. स्टेशनाजवळच्या एका दुकानात मी ते प्रथम खाल्ले. थाळीएवढी कुरकुरीत पुरी आणि तिच्यावर घट्ट डाळ. मी ती पुरी पोळीसारखी दुमडायला गेलो, तेव्हा तिचे तुकडे शेजारच्या गृहस्थांच्या मांडीपर्यंत पोचले. दुकानदार हसून म्हणाला, "मास्तरजी, तोडके खाओ. इसको घडी नहीं पडती." मी मास्तर आहे हे त्याने कसे ओळखले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

श्रीधरने बाग दाखवली. माझ्या आराखड्याबाहेर तीत एक वीटही नव्हती. मी पेन्सिलीने जेथे सावली म्हणून चार रेघा ओढल्या होत्या, तेथे त्याने खरोखर चार अशोकाची रोपे लावली होती. मी संकोचाने, परंतु मनातून बराच फुगून, ते सर्व पाहिले. मग त्याने बागेतल्या जुन्या विहिरीवरचा पंप सुरू करायला सांगितले.

कारंजे हातभर उडाले. तळे भरले. आणि मग सर्व पाणी, अगदी सर्व, एकाच पाटाने लाकडी चक्राकडे धावले. चक्र गरगर फिरू लागले. डबके, बेट आणि धबधबा कोरडे ठणठणीत. बेटावरचा झोपाळा त्या कोरड्या खड्ड्याच्या मध्यभागी असा दिसत होता की, तो तेथे का आहे हे त्यालाही कळले नसावे.

"जमीन नदीकडे उतरती आहे, सर," श्रीधर अदबीने म्हणाला.

"हे तुला आधी दिसले नव्हते?"

"दिसले होते, सर."

"मग?"

"वाटलं, तुमचं काहीतरी प्रयोजन असेल."

वीस वर्षांपूर्वी मी याच मुलाला फळ्यासमोर उभे करून, शिक्षक सांगतील तसेच वर्तुळ काढायचे, असे बजावले होते. त्याने ते आजवर पाळले होते.

विहिरीच्या काठावर एक बाई पदर खोचून बसली होती. उंच, काळीसावळी, साठीला टेकलेली. ती मनापासून हसत होती. "तीन दिस झालं मी सांगतीया, पानी तिकडं जायाचं न्हाई," ती म्हणाली. "हे म्हनत्यात, कागदावर जातंय."

ही गऊबाई. ही जमीन तिच्या सासऱ्यांची. कारखान्याला जमीन गेली तेव्हा विहीरही गेली, आणि गऊबाई त्याच जमिनीवर बागेची झाडलोट करायला लागली. विहिरीशेजारी मुरुमाचा एक मोठा ढीग होता. बागेतल्या वाटांसाठी असेल, असे मला वाटले.

"तो विहीर बुजवायला आणलाय, सर," श्रीधरने खाली मान घालून सांगितले. कारखान्याच्या मोठ्या साहेबांना ही जागा मुळात सायकलींच्या तळासाठी हवी होती. बाग ही श्रीधरची हट्टाची गोष्ट. रविवारी साहेब स्वतः येणार. बाग त्यांच्या मनास आली तर राहील, नाही तर सोमवारी गवंडी येतील, विहीर बुजेल आणि वर सायकली उभ्या राहतील.

गऊबाईचे हसणे तेवढ्यापुरते थांबले. "ह्या हिरीनं माज्या सासूला नांदवली अन् मलाबी," ती म्हणाली. "आता सायकली नांदवनार म्हनं."

संध्याकाळी श्रीधरने मला साहेबांकडची एक पुस्तिका दाखवली. अमेरिकेतल्या एका करमणुकीच्या बागेची रंगीत चित्रे तीत होती. मी ती बारकाईने पाहिली, आणि मी मान्य केले पाहिजे की ती आखणाऱ्याने पाण्याकडून पुष्कळ कामे करून घेतली होती. एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना मध्ये एक ओढा आडवा घातला होता; पूल ओलांडला की आपण निराळ्या मुलखात आलो, असे पाहुण्याला वाटावे. जेथे लोकांनी जाऊ नये तेथे कुंपण नव्हते, तळे होते. अडवलेले कोणाला कळू नये. रस्त्याचा गोंगाट झाकायला धबधबा होता. आणि सर्व वाटा मध्यावरच्या पाण्याकडे परत येत होत्या, म्हणजे कोणी चुकू नये. हे सर्व मी वाईत बसून माझ्या बुद्धीने शोधले, असा माझा समज होता. तो समज गेला. परंतु त्या चित्रांत चारही बाजूंना पाणी होते, आणि साहेबांनी हीच चित्रे पाहिलेली होती.

शुक्रवार, चाकण

सकाळी मी आराखडा पुढे घेऊन पाटांचे तळ किती उंच करावे लागतील, याचे गणित करीत बसलो. गणित बरोबर आले, आणि त्याने मला एवढेच सांगितले की रविवारपर्यंत ते होणार नाही. शिवाय, तळ सारखे झाले तरी पंपाचे पाणी चार पाटांना पुरणारे नव्हते.

गऊबाई झाडू टेकून उभी होती. "मास्तर, त्या कागदात पानी सापडनार हाय व्हय?"

शरमेने बोलवत नाही तेव्हा मी विचारात असल्यासारखा दिसतो. या एका गोष्टीवर माझी शाळेतली प्रतिष्ठा उभी आहे.

"माज्या भावाकडं चाकनला कांद्याला पानी चाललंय आज," ती म्हणाली. "मी खोरं आनाया चाललीया. पानी बगायचं आसंल तर चला."

एका अनोळखी बाईबरोबर एस.टी.त बसून परगावी जाण्याचा प्रसंग माझ्यावर पूर्वी आला नव्हता. मी तिच्यापासून दोन बाके सोडून बसलो. भोसरी येईपर्यंत गाडीतल्या प्रत्येकाला मी कोण, कोठला आणि कशासाठी चाललो आहे, हे तिचे मोठ्याने सांगून झाले होते. "पान्याचं मास्तर हायती," असे ती म्हणे. कंडक्टरने मला आदराने विचारले, "मग औंदा पाऊस कसा हाय, मास्तर?" मी बरा आहे म्हणालो. पंचांगाचा आधार नव्हता.

चाकणला उतरल्यावर भुईकोट किल्ल्याचा खंदक दिसला. बुरूज ढासळलेले, खंदक कोरडा, त्यात शेळ्या चरत होत्या. मी तिला पुस्तिकेतली बाग सांगितली: तेथेही पाणी असेच आडवे घातले आहे, माणसांनी हव्या त्या वाटेनेच जावे म्हणून, फक्त ते सुंदर दिसते, त्यामुळे अडवल्याचे कोणाला कळत नाही.

गऊबाईने खंदकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "म्हंजे त्यो बी किल्लाच की वो."

तिच्या भावाचे नाव धोंडिबा. त्याची मोट चालू होती. बैल उताराने खाली येत, चामड्याची मोट वर येई, पाणी थारोळ्यात पडून पाटाने धावू लागे. पाटाच्या दोन्ही अंगांना कांद्याचे वाफे. मी अपेक्षेने पाहत होतो की इतक्या वाफ्यांना पाणी एकदम कसे पोचवतात. ते पोचवतच नव्हते. धोंडिबाची सून खोरे घेऊन पाटाच्या अगदी टोकाला उभी होती. तिने शेवटच्या वाफ्याचे तोंड मोकळे केले होते, बाकी सर्व बंद. तो वाफा भरला की मातीचे एक ढेकूळ टाकून ती ते तोंड बुजवी आणि अलीकडच्याचे फोडी. याला ते दारं धरणे म्हणतात. लांबच्या वाफ्यापासून सुरुवात करून ती हळूहळू मोटेकडे येत होती.

"लांबचा आधी का?" मी विचारले.

"पानी दमायच्या आदी लांब पाठवायचं," गऊबाई म्हणाली. "जवळचा काय, मागनं बी भिजतो."

मला ते इतके सोपे वाटले की मी खोरे मागितले. याचा परिणाम वाचकांपासून लपवावा, असे मला फार वाटते. मी एक तोंड फोडले, परंतु आधीचे बुजवायला विसरलो. मग ते बुजवायला गेलो तो तिसरे आपोआप फुटले. आणि पाणी माझ्या पायांभोवती जमून वाफ्यांच्या बांधांवरून निवांत फिरू लागले. माझा डावा जोडा चिखलात राहिला तो राहिलाच. धोंडिबा बैल थांबवून म्हणाला, "आक्का, तुज्या मास्तराला सांग, कांदा लावलाय, भात न्हाई."

दुपारी बांधावर बसून आम्ही भाकरी, झुणका आणि त्याच शेतातला पातीचा कांदा खाल्ला. आमच्याकडे कांदा चिरून, मीठ लावून, वाटीत देतात. येथे तो मुठीने फोडतात आणि वाढणाऱ्याने पाहुण्याकडे न पाहता त्याच्या भाकरीवर ठेवायचा असतो. त्यामुळे पाहुण्याला नको म्हणता येत नाही. ही पद्धत माझ्यासारख्या माणसांना फार सोयीची आहे.

सुनेने चिखलातून जोडा काढून, धुऊन, उन्हात ठेवला होता. मी तो घालताना गऊबाई विचार करीत म्हणाली, "आपल्या बागंला बी आसंच करू. चार दारं हायती, वाफं चारच. मला तर हसाया येतंय, येवढ्याशा कामाला मास्तर वाईवरनं आनला."

शनिवार, पुन्हा पिंपरी

मार्ग सापडला होता. पण एक अडचण होती. चारही पाटांच्या मुखाशी मातीची ढेकळे ठेवायची, म्हणजे तळ्यातले पाणी वर चढेल, आणि एकेक तोंड उघडायचे, एवढेच काम. परंतु बागेचा गवंडी म्हणाला, "शिमिटात चिखल? मी न्हाई करनार." श्रीधरकडे पाहिले, तर तोही अवघडून उभा.

"सर, ते आराखड्यात नाही."

मी त्याला समजावून पाहिले. तो ऐकत होता, मान हलवीत होता आणि करीत नव्हता. शेवटी मी आराखडा पसरला, पेन्सिलीला टोक केले, आणि चारही पाटांच्या तोंडाशी चिखलाचे एकेक ढेकूळ काढले. छायाप्रकाशासह. खाली सही केली. श्रीधरचा चेहरा उजळला. अर्ध्या तासात चार ढेकळे जागच्या जागी होती, आणि गवंडी ती माझ्या चित्राशी ताडून पाहत होता.

गऊबाईने खोऱ्याने एक ढेकूळ जरा बाजूला सरकवले. "तुमी काडलं त्ये लई गोल हाय," ती म्हणाली.

राहिली एक गोष्ट. साहेबांना चारही पाट एकदम वाहताना पाहायचे होते. तीन कोपरे कोरडे का, हे त्यांना कोणीतरी आधीच सांगणे भाग होते, आणि चूक ज्याची त्यानेच सांगणे रास्त होते. श्रीधर म्हणाला, मी सांगतो, पंपाला दोष देतो. पंप बिचारा निरपराध होता. मी म्हणालो, मी सांगेन. त्यानंतर जेवण मला गोड लागले नाही. माझ्या आयुष्यात मी वरिष्ठांसमोर स्वेच्छेने तोंड उघडल्याचे एकही उदाहरण मला आठवेना. मी चार वाक्ये लिहून काढली आणि पाठ केली.

रविवार

वसाहतीतली सगळी मुले सकाळी नवे कपडे घालून आली, आणि त्यांच्या आया ते कपडे ओले होऊ नयेत म्हणून मागोमाग आल्या. कोणी लातूरकडच्या, कोणी रत्नागिरीच्या; एकमेकींचे बोलणे त्यांना पूर्ण कळत नसावे, परंतु मुलांना ओरडण्याची भाषा एकच होती. मोठे साहेब आले. पांढरी पाटलोण, चकचकीत बूट, हातात ती पुस्तिका.

"हं, सुरू करा," ते म्हणाले.

मी पुढे झालो. माझी चार वाक्ये त्याच क्षणी मला सोडून गेली. एक उरले होते ते बोललो.

"साहेब, आराखडा माझा चुकला आहे."

साहेबांनी मला नखशिखान्त न्याहाळले. नजर माझ्या सुकून वाकड्या झालेल्या डाव्या जोड्यापाशी किंचित थांबली. "म्हणजे?"

"पाणी चारही बाजूंना एकदम जाणार नाही. एका वेळी एकाच बाजूला जाईल."

"आणि तीन बाजू कोरड्या? मग बाग कसली ही?" त्यांनी मुरुमाच्या ढिगाकडे पाहिले. मीही पाहिले. तेथे उभी असलेली गऊबाई मात्र आमच्याकडे पाहत नव्हती. ती खोरे घेऊन चालत आली आणि कोणाची परवानगी न घेता डबक्याच्या पाटाचे तोंड तिने फोडले. पाट सारख्याच लांबीचे, म्हणून सर्वांत चढावरचा आधी.

कोरड्या पाटातून जेव्हा पहिले पाणी येते तेव्हा ते कसे येते, हे मी आजवर पाहिले नव्हते. त्याला एक तोंड असते. पुढे धूळ, वाळकी पाने, एखादा घाबरलेला मुंगळा ढकलीत ते येते. क्षणभर थांबते, खड्डा भरते, पुन्हा निघते. एका मुलीने ते पाहिले आणि ती किंचाळली, "आलं, आलं!" मग सगळी मुले त्या तोंडाबरोबर पाटाच्या दोन्ही काठांनी धावू लागली. डबक्याशी पोचून त्यांनी होड्या सोडल्या न सोडल्या, तोच गऊबाईने ते दार बुजवून बेटाचे फोडले. "गेलं तिकडं!" कोणीतरी ओरडले. सगळी झुंड बेटाकडे. मग धबधबा. मग चक्र. तोवर होड्यांचे डबके ओसरू लागले होते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

चारही पाट एकदम वाहिले असते, तर मुले चार कोपऱ्यांत पांगून अर्ध्या तासात कंटाळली असती. त्या परदेशी बागेत पाहुण्यांना एका मुलखातून दुसऱ्यात न्यायला पूल, वाटा आणि पाट्या लागल्या. येथे पाणी स्वतःच पुढे चालत होते आणि मुले त्याच्या मागे. ही योजना माझी नव्हती, म्हणून मी ती निःसंकोच वाखाणतो.

आयांनी ओरडणे केव्हाच सोडले होते. मुले गऊबाईभोवती गोळा झाली होती. "आजी, मी फोडू? आजी, आता माझं दार!" गऊबाई त्यांना रांगेत उभे करीत होती आणि ऐकत नसलेल्यांना मुरुमाच्या ढिगावर बसवीत होती.

साहेब पाटाच्या काठापर्यंत आले. मग त्यांनी पुस्तिका श्रीधरच्या हातात दिली, पाटलोण दोन बोटे वर उचलली आणि विचारले, "मला जमेल हे?"

"बगा की करून," गऊबाईने खोरे पुढे केले.

त्यांनी एक तोंड फोडले. आधीचे बुजवायला ते विसरले. पाणी दोन्हीकडून येऊन त्यांच्या बुटांत शिरले.

"आरं द्येवा!" गऊबाई म्हणाली. "मास्तरबी आसंच करतो. लई शिकल्यावर हे व्हतंच का काय?"

मुले हसली. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या जोड्याकडे पाहिले, आणि आता त्यांना त्याचा इतिहास समजला असावा. ते हसू लागले. मलाही हसू आले. वरिष्ठांसमोर हसण्याचेही ते पहिलेच उदाहरण.

जाताना ते श्रीधरला एवढेच म्हणाले, "सायकली वर्कशॉपच्या मागे लावू. तिथंही जागा आहे." आणि ओल्या बुटांचा पचपच आवाज करीत ते गाडीकडे गेले.

सोमवार

निघण्याआधी मी विहिरीवर गेलो. गऊबाई त्या ढिगातला मुरूम पाटीत भरून पाटांच्या काठाने पसरीत होती, मुले घसरू नयेत म्हणून. गवंडी आले होते. तिने त्यांच्याही हातात पाट्या दिल्या होत्या.

मी तिला म्हणालो, आराखड्यावर आखणी करणाऱ्याचे नाव घालायचे असते, तेथे मी तुमचे नाव घालतो.

"नगं बया," ती म्हणाली. "उद्या पंप बिगडला तर मलाच बोलवत्याल. तुमचंच ऱ्हाऊ द्या. तुमी लांब ऱ्हाता." पाटी डोक्यावर घेऊन ती दोन पावले गेली आणि वळली. "पर मास्तर, पुढल्या खेपंला आदी पानी वता, अन् मग रेगा वडा."

वाईला आल्यावर मुख्याध्यापकांनी शाळेच्या मागच्या अंगणासाठी एक लहानशी बाग आखून मागितली. काल सकाळी मी तेथे एक बादली पाणी ओतले आणि ते कोठे जाते ते पाहत उभा राहिलो. शिपाई जवळ येऊन म्हणाला, "मास्तर, काही सांडलं का?"

मी त्याला थांब म्हणालो. पाणी पारिजातकाकडे वळत होते. कंपासपेटी मी अजून उघडलेली नाही.